मार्किझाची आंघोळ

गाडी सुटायला सात मिनिटं उरली असताना राइखानबाईंनी टोपलीचं झाकण पुन्हा एकदा उघडलं, आतल्या करड्या मांजरीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तिच्या दोन कानांमधल्या जागेवर नाक टेकवून एक लांब श्वास घेतला. घडलं ते एवढंच. आल्माटीच्या फलाटावर त्या सकाळी खरबुजांच्या जाळ्या, रडणारी पोरं आणि दोरीने बांधलेल्या गाद्या यांच्या गर्दीत एक म्हातारी मांजरीचा निरोप घेते आहे, याकडे कोण बघतो? पण तिची थोरली मुलगी काम्शात, वय वर्षं चोपन्न, हातात तिचीच पिशवी धरून शेजारी उभी होती आणि तिने बघितलं. कपाळ हुंगणं ही काय मांजराशी करायची गोष्ट आहे? गालांचे मुके घेणं शहरातलं, ते कुणीही कुणाचेही घेतं. हुंगणं घरातलं. सैन्यात निघालेल्या मुलाला हुंगतात, सासरी निघालेल्या मुलीला हुंगतात, बारशाच्या पोराला तर सगळी म्हातारी मंडळी रांगेने हुंगून जातात. धाकट्या झानारचं कपाळ आईने हजारदा हुंगलं असेल. अगदी तिला चाळिशी लागल्यावरसुद्धा, विमानतळावर, नवऱ्यादेखत. काम्शातच्या कपाळाला ते नाक कधी लागलं नव्हतं. आताही तिच्या वाट्याला दोन गालांवर दोन कोरडे ओठ आले, शाळेच्या निरोप समारंभात द्यावेत तसे, आणि टोपली आली. "शाल तिच्या अंगाखाली घाल," राइखानबाई डब्याच्या पायरीवरून म्हणाल्या, "माझा वास राहील तिला. आणि तुझ्या बोक्याशी एकदम गाठ घालू नकोस. पंधरा दिवस बघ. नाहीच जमलं तर मला सांग, मी येईन."

"तुम्ही याल?" काम्शातने विचारलं.

"न येऊन काय करते? नऊ वर्षांची आहे ती. या वयात कुठे टाकून देऊ?"

राइखानबाई आता झानारकडे अस्तानाला राहायला निघाल्या होत्या, पण तिच्या नातवाला मांजराच्या केसांनी धाप लागते म्हणून मार्किझाला तिकडे नेता येत नव्हतं. म्हणजे वाटणी अशी झाली: धाकटीला आई, थोरलीला आईचं मांजर. परतताना ट्रॉलीबसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या काम्शातला ही वाटणी एवढी चोख वाटली की तिला हसू आलं. टोपलीच्या विणीतून दोन पिवळे डोळे तिच्याकडे बघत होते. मार्किझा म्हणजे सरदारीण, आणि नावाप्रमाणेच बाईसाहेब होत्या त्या. अंगावर राखाडी फरचा झगा, गळ्यात पांढरी पट्टी, आणि मोलकरणीकडे बघावं तशी नजर. "बघू नको अशी," काम्शात पुटपुटली, "तुझ्या आधीपासून आहे मी." आणि लगेच तिच्या मनात आलं की हे काही खरं नाही. आईच्या घरात काम्शात कुणाच्याच आधीपासून नव्हती.

पहिलं पोर आजीचं, अशी त्यांच्याकडची रीत. काम्शात चाळीस दिवसांची झाली तेव्हा बाल्खाशजवळच्या फार्मावरून आजी, म्हणजे अपा, घोडागाडी आणि रेल्वे असा दोन दिवसांचा प्रवास करून शहरात आली, मुलीला कोटाच्या आत घातलं आणि घेऊन गेली. कुणी रडलं असलं तर ते काम्शातला कुणी सांगितलं नाही. अपाची ती मुलगी झाली. म्हणजे अपाचा मुलगा, तिचा जन्मदाता बाप, तिचा थोरला भाऊ झाला आणि बापाची बायको तिची वहिनी. उन्हाळ्यात ती दोघं शहरातून खाऊ घेऊन यायची तेव्हा काम्शात दारातून ओरडायची, "अपा, दादा आला! वहिनी आली!" आणि सगळी हसायची. वहिनीही हसायची. नंतर वडील गेले, अपा तर केव्हाच गेली होती, पण जिभेला एकदा पडलेलं वळण जात नाही. चोपन्नाव्या वर्षीही काम्शात आईला वहिनीच म्हणत होती आणि अहोजाहो करत होती. झानार मात्र "ए आई" म्हणायची, आणि ती हाक काम्शातला प्रत्येक वेळी एखाद्या घराच्या उघड्या खिडकीतून स्वयंपाकाचा वास यावा तशी ऐकू यायची.

घरी तालकान होता. सहा वर्षांपूर्वी, ती कामाला होती त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या गल्लीत, वाफेच्या पाइपाला चिकटून बसलेलं, भाजलेल्या पिठाच्या रंगाचं एक पिल्लू तिने उचललं होतं, तो हा. नवरा सोडून गेल्यानंतरच्या सगळ्या हिवाळ्यांत तिच्या पायांशी झोपलेला. त्याला कुणी पाहुणा खपायचा नाही. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाचा जोडा त्याने एकदा ओला करून ठेवला होता. काम्शात वरवर त्याला रागवायची आणि आतून सुखावायची. कुणाला तरी आपल्याशिवाय चालत नाही, हे तिला त्या बोक्याकडून पहिल्यांदा कळलं होतं. म्हणून मार्किझाला आतल्या खोलीत ठेवून दार लावलं आणि दाराच्या फटीशी नाक लावून तालकानने जो खर्ज लावला, तो ऐकून तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो अभिमान. शाब्बास माझ्या वाघा, असं ती अगदी मोठ्याने म्हणाली.

दुकानात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी झिनाइदा जन्मभर मांजरं पाळत आलेली. फर-कोटाच्या अस्तराला चिठ्ठी टाचता टाचता तिने सगळा पाठ दिला. "घाईच घात करते बघ, काम्शा. एकाने दुसऱ्याला आधी बघायचं नाही, आधी हुंगायचं. याच्या अंगाला पुसलेलं फडकं तिच्याकडे टाक, तिचं याच्याकडे. मग दाराच्या दोन अंगांना दोघांचं जेवण. वास आणि जेवण एका वेळी आलं की जनावराला वाटतं, हा वास बरा दिसतोय. आणि काहीही झालं तरी धुवू नकोस त्यांना."

"मी कशाला धुऊ?"

"आमच्या वाड्याला होती ना एक शहाणी, नवं पिल्लू आणलं की साबणाने खसाखसा. सगळा जन्म दुसऱ्यांचे डाग काढण्यात गेला की हात शिवशिवतात बायांचे." झिनाइदा खदखदून हसली. "नवऱ्याच्या बाबतीत मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर! आधी फडकं हुंगलं असतं, मग माणूस घरात घेतला असता."

काम्शात हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. हे सगळं तिला माहीत होतं. फडकं, जेवण, न धुणं, सगळं. मार्च महिन्यात फार्मावर मेंढ्या विऊ लागल्या की अपाच्या मातीच्या खोलीत पोरकी कोकरं यायची. कुणाची आई थंडीने गेलेली, कुणाला आईने नाकारलेलं. आणि बाहेर गोठ्यात कोकरू मेलेली मेंढी दुधाने फुगून उभी असायची. दुधाला पोर नाही आणि पोराला दूध नाही, पण मेंढी काही परक्या कोकराला जवळ येऊ द्यायची नाही. ढुशी मारून भिंतीवर फेकायची. मग अपा मेलेल्या कोकराचं कातडं काढायची आणि पोरक्याच्या अंगावर बांधायची, आखूड कोट चढवावा तसं. शेपटीखाली मीठ चोळायची. आणि मेंढीच्या कानाशी बसून "पुशाईत, पुशाईत" असं काहीतरी न संपणारं गुणगुणत राहायची, तासन्‌तास. मेंढी हुंगायची. मान फिरवायची. पुन्हा हुंगायची. आणि मग एकाएकी तिच्या अंगातून एक थरथर जायची आणि पान्हा सुटायचा. काम्शात कुडाच्या फटीतून बघायची. एकदा तिने मदत म्हणून शहरातून वहिनीने आणलेल्या गुलाबी साबणाने हात धुऊन कोकराला उचललं, तर अपाने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाठीत धपाटा घातला. "धुतलेल्या हातांनी शिवायचं नाही. धुतलं की ते कुणाचंच राहत नाही."

इतकं सगळं माहीत असूनही काम्शातने ती शाल मार्किझाच्या अंगाखाली घातली नाही. घालणार होती. पहिल्या दिवशी हातात घेतली, उबदार तपकिरी लोकरीची, एका टोकाला चहाचा डाग पडलेली, आणि झटकताना त्यातून वास आला. दुधाचा चहा, केसांना लावायचं तेल, औषधांचा डबा, आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. मान आणि खांदा यांच्या मध्ये असतं ते. चोपन्न वर्षांत काम्शात आईच्या इतकी जवळ कधी गेली नव्हती. तिने आतल्या खोलीकडे बघितलं. ही नऊ वर्षं रोज त्या मांडीवर बसली आहे. हिला आणखी कशाला? दुकानात कोट घालतात तशा लांब प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने शाल भरली, तोंड घट्ट बांधलं आणि कपाटात ठेवली. मार्किझाला एक जुना टॉवेल मिळाला. आणि रोज सकाळी दुकानात निघताना काम्शात पिशवीची गाठ सोडायची, तोंड आत घालायची, दोन श्वास घ्यायची आणि गाठ मारायची. चोरून खाणाऱ्याला असते तशी एक घाई त्यात होती. आपल्याला याची लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी सहाला फोन यायचा, व्हिडिओचा. पडद्यावर आधी झानारच्या स्वयंपाकघराचं छत दिसायचं, मग वहिनींची हनुवटी, मग एक डोळा. "दाखव तिला," हे पहिलं वाक्य. कशी आहेस, जेवलीस का, गुडघा कसा आहे, यातलं काही नाही, दाखव तिला. काम्शात फोन आतल्या खोलीत धरायची. मार्किझा पलंगाखालून बाहेर यायची नाही, आणि वहिनी त्या काळोखाकडे बघून बोलत राहायच्या, "माझी शहाणी ती, माझी सोनी ती, जेवलीस का राणी?" फोन धरून काम्शातचा हात दुखायचा. आपण फोन ठेवायची खुंटी आहोत असं तिला वाटायचं. मग चौथ्या दिवसापासून ती भांडणांचं वर्णन करू लागली, आणि त्यात रंग भरू लागली. तालकान दारावर कसा झेप घेतो, मार्किझा आतून कशी थुंकते. थोडं झालं होतं, थोडं तिने घातलं. वहिनींचा चेहरा काळजीने लांब होताना बघून तिला गोड वाटायचं, आणि त्या गोडव्याखाली जळायचं, कारण ती काळजी तिच्यासाठी नव्हती.

"आज तर बाई, खालून पंजे घालून ओरबाडलं एकमेकांना," सहाव्या दिवशी ती म्हणाली.

"रक्त?"

"थोडं."

नव्हतं आलं. पण वहिनी पडद्याच्या अगदी जवळ आल्या, त्यांच्या चष्म्यात काम्शातला स्वतःची खिडकी दिसली. "मग मी येऊ का?"

त्यांच्या मागून झानारचा आवाज आला. "ए आई, लगेच काय येऊ? आत्ता तर आलीस. ताई, अगं लाव ना दोघांना वळण! तुला बरी जमतात असली कामं."

"बघू," काम्शात म्हणाली. "पंधरा दिवस म्हणालात ना? अजून आहेत." फोन ठेवल्यावर तिने आतल्या खोलीची जास्तीची गादी काढली आणि उन्हात टाकली. नऊ दिवस उरले होते. वहिनी येतील, ती हिशेब करत होती, गुडघ्यांमुळे त्यांना खालची गादी चालणार नाही, पलंग त्यांना द्यावा लागेल. सकाळी त्या कपात आधी दूध घालतात की चहा? चोपन्न वर्षांत हे तिने कधी बघितलं नव्हतं. एखाद्या पोरीने भातुकली मांडावी तशी ती दुकानातून येताना मऊ बिस्किटं घेऊन आली, आणि त्या रात्री तालकानचं फडकं मार्किझाकडे टाकायचं ती विसरली. म्हणजे विसरली, असं तिने स्वतःला सांगितलं.

दहाव्या दिवशी शनिवार होता, दुकान दुपारी बंद व्हायचं. काम्शात चार जिने चढून आली आणि दार उघडलं तर तालकान दारात नव्हता. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आतल्या खोलीच्या दाराची कडी सैल होती, हे तिला महिनाभर माहीत होतं. दार हातभर उघडं होतं. खिडकीतून पलंगावर पडलेल्या उन्हात तिचा बोका आणि आईची मांजर एकमेकांना लगटून पडली होती; मार्किझाचे डोळे मिटलेले, मान कलती, आणि तालकान तिचा कान चाटत होता. सावकाश, मन लावून, काही काम उरकायचं नसल्यासारखा. काम्शातकडे त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा चाटू लागला. फडकी नाहीत, दाराच्या दोन अंगांना जेवण नाही, शाल नाही. तिने मोडता घालायचा तेवढा घातला होता आणि तरी त्या दोघांचं जमलं होतं, तिच्याशिवाय, ती कोट मोजत बसली असताना. बाईसाहेबांना सगळं मिळत होतं. मांडी मिळाली, नाक मिळालं, आता हाही मिळाला. आणि वहिनी येणार नाहीत. सहा वाजता फोन येईल, त्या हे बघतील, म्हणतील, बरं झालं बाई, सुटले मी. काम्शात वाकली आणि तिने मार्किझाला मानेला धरून उचललं, आणि त्या राखाडी केसांतून तिच्या नाकात वहिनींचा वास शिरला. शालीतला तोच. दहा दिवस टॉवेलावर झोपूनही तो गेला नव्हता. मान आणि खांद्याच्या मधला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात काम्शातच्या मनात शब्द नव्हते. टब होता, पाणी होतं. धूळ किती झाली आहे, असं ती मोठ्याने म्हणत होती, आगगाडीच्या फलाटाची सगळी घाण, पिसवा असतील. दुकानातून आणलेली, फरमधला धुराचा वास काढायची बाटली तिने उपडी केली. मांजरी आधी ओरडली, मग तिने ओरडणं सोडलं आणि नुसती थरथरत राहिली, आणि भिजल्यावर त्या झग्याच्या आतून केवढंसं निघालं! उंदराएवढी मान, उठून दिसणाऱ्या बरगड्या. काम्शातने एक पाणी सोडलं, दुसरं घेतलं. दुसरं सोडलं, तिसरं घेतलं. तिसऱ्या पाण्याला तिचे हात थांबले, कारण तिने असा टब आतून बघितला होता.

आठ वर्षांची होती. अपाला पुरून तीन दिवस झाले होते. दादाने तिला शहरात आणलं, दारात वहिनी उभी होती, आणि वहिनीने तिला उचललं नाही की हुंगलं नाही. हाताला धरून तडक न्हाणीघरात नेलं. अंगातला अपाने शिवलेला जाड कोट काढून कोपऱ्यात टाकला. तपकिरी साबणाची वडी, कपड्यांची. वहिनी गुडघ्यांवर बसून घासत होती, मान, कानामागे, केस, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एक पाणी. दोन पाणी. दारात चार वर्षांची झानार उभी होती, नाक दोन बोटांत धरून. "ए आई, ही कोण? हिला वास येतो." आणि वहिनी म्हणाली, "आता नाही येणार." तिसरं पाणी. त्या रात्री नव्या पलंगावर काम्शातने स्वतःचा दंड हुंगला, मग गुडघा, मग केसांचं टोक ओढून नाकाशी आणलं. अपा कुठेच नव्हती. साबण होता. ही आपल्याला घाणेरडी समजते, एवढं तिला त्या रात्री पक्कं कळलं, आणि पुढची सगळी वर्षं तिने त्या कळण्यावरच काढली. अभ्यास, लग्न, घटस्फोट, दुसऱ्यांच्या कोटांचे वास काढण्याची तीस वर्षं. स्वच्छ होती ती. तिच्याइतकं स्वच्छ त्या घरात कुणी नव्हतं.

न्हाणीघराचं दार उघडताच मार्किझा ओलीच सुटली आणि तालकानच्या अंगावर गेली, आसरा मागत. तालकानने हुंगलं. मघा कान चाटत होता तोच बोका. पण हा वास त्याने कधी घेतला नव्हता. त्याची पाठ कमान झाली. काम्शात "अरे तीच आहे, तीच आहे रे" असं ओरडेपर्यंत दोघांचा एक गोळा झाला होता, आणि तो सुटला तेव्हा खरोखरच रक्त आलं होतं. मार्किझाचा कान फाटला होता, तोच. ती कपडे धुण्याच्या मशीनमागे जाऊन बसली आणि तिथून नखं फरशीवर वाजल्याचा बारीक आवाज येत राहिला. सहा वाजले. फोन वाजला. काम्शातने घेतला नसता, पण हातांनी घेतला.

"दाखव तिला," वहिनी म्हणाल्या.

काम्शातने फोन मशीनमागे धरला. राणी नाही, सोनी नाही.

"ओली आहे का ती?"

"हो."

"पाणी कोमट होतं ना?"

"होतं."

"इकडे कर तो फोन. तुझ्याकडे." काम्शातने केला. वहिनींनी चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा नागडा आणि म्हातारा दिसत होता. "का धुतलंस गं?"

धूळ, पिसवा, असं सगळं जिभेवर तयार होतं. "तिला तुमचा वास येत होता," काम्शात म्हणाली. आणि मग थांबता येईना. "त्यांचं जमलं होतं, वहिनी. चाटत होता तो तिला. म्हणजे तुम्ही येणार नव्हतात. आणि शालही मी तिला दिली नाही. माझ्याकडे आहे. मी ठेवून घेतली."

झानार मागे भांडी लावत होती, तो आवाज थांबला. वहिनी उठल्या, पडद्यावर भिंती फिरल्या, एक दार लागलं, आणि पुन्हा तो चेहरा आला, अंधाऱ्या खोलीतला.

"मी तीन पाणी बदलली होती," त्या म्हणाल्या. "आठवतं तुला?"

"आठवतं."

"जाईना. सासूबाईंचा वास काही केल्या जाईना. धूर, ताक, मेंढ्या आणि त्या स्वतः. चाळीस दिवसांची होतीस तू, माझी चोळी ओली होती, आणि त्या आल्या आणि कोटात घालून घेऊन गेल्या. नाही म्हणायची रीत नव्हती. आठ वर्षं तू दारातून ओरडायचीस, वहिनी आली, आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. मेल्या तेव्हा, देव मला क्षमा करो, मला वाटलं, आता माझी होईल. आणि तू आलीस ती त्यांना अंगावर घेऊन. मला सहन झालं नाही गं. मेंढपाळाची लेक मी. कोकराला धुवायचं नसतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का?"

मशीनमागची नखं वाजायची थांबली होती.

"रात्री तू झोपल्यावर आले होते मी," वहिनी म्हणाल्या. "कपाळ हुंगायला. नुसता साबण. सासूबाई नाहीत, आणि तूही नाहीस. कुणाचं पोर आहे ते नाकाला कळेना. मग भीतीच वाटली मला. मग राहून गेलं." त्यांनी नाक पुसलं. "मी यावं असं वाटतंय हे लवकर कळवलं असतंस तर बरं झालं असतं. मी येऊ का?"

"कानाला फार नाही लागलेलं," काम्शात म्हणाली. "आज ना उद्या जमेल त्यांचं. मांजरासाठी यायची गरज नाही."

"मी मांजराचं विचारलं नाही."

"मग या," काम्शात म्हणाली.

नंतर तिने कपाट उघडलं, प्लॅस्टिकची पिशवी फाडली आणि शाल मशीनशेजारी फरशीवर पसरली. एक श्वासही घेतला नाही. घ्यावासा वाटत होता. अर्ध्या तासाने मार्किझा बाहेर आली, शालीच्या चहाच्या डागाशी नाक घासलं आणि त्यावर गोल होऊन पडली. तालकान दारातून बघत होता. काम्शात त्या दोघांच्या मधोमध फरशीवर बसली आणि तिच्या तोंडून "पुशाईत, पुशाईत" निघू लागलं, शेहेचाळीस वर्षांत न म्हटलेलं. मांजरांना मेंढ्यांची भाषा, म्हणजे वेडेपणाच. पण त्यांनी ऐकून घेतलं. पुढचे तीन दिवस ती शाल एक रात्र इकडे, एक रात्र तिकडे जात राहिली, आणि काम्शातने हात धुतले ते फक्त दुकानात.

बुधवारी सकाळी वहिनी आल्या. स्टेशनवर येऊ नकोस, तुला कामाला उशीर होईल, असं बजावून स्वतः टॅक्सी करून आल्या आणि चार जिने बसत-उठत चढल्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्याबरोबर सगळा डबाच आत आल्यासारखं झालं: कोळसा, उकडलेली अंडी, दुसऱ्यांचे मोजे, रात्रभर अंगावर असलेली लोकर. पिशवी खाली ठेवेपर्यंत मार्किझा आतून धावत आली आणि त्यांच्या पायांवर आदळली. तिच्यामागून तालकान. त्याने या बाईला जन्मात बघितलं नव्हतं. मीटरवाल्याचा जोडा आठवून काम्शात पुढे झाली, पण बोक्याने कोटाच्या घेराला नाक लावलं, शालीची ओळख पटली आणि सगळी कूस घासून गेला. "अगं बाई, हा तुझा वाघ?" वहिनी वाकून दोघांना कुरवाळत होत्या, एक हात इकडे, एक तिकडे, आणि काम्शात दाराची कडी धरून उभी होती. हात दोनच होते. ती रांगेत तिसरी होती, स्वतःच्या घरात, आणि तिला ते झोंबलं. खोटं कशाला बोला.

वहिनी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "थांब हं, आधी हात-तोंड धुऊन येते. आंघोळच करते बाई, गाडीत काय काय शिवलंय..."

"नको," काम्शात म्हणाली आणि न्हाणीघराच्या दारात आडवी उभी राहिली. "राहू द्या, वहिनी. तशाच बसा."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या, त्यांच्याहून वीतभर उंच असलेल्या मुलीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून खाली ओढलं आणि कपाळावर, केस सुरू होतात तिथे, नाक टेकवलं. गाडीतून आलेलं नाक गार होतं. श्वास आत गेला तो खूप वेळ आतच राहिला.

"मांजराचा वास येतोय गं तुला," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?" काम्शातने विचारलं. एवढ्यातही तिला ते जाणून घ्यायचंच होतं.

"थांब," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा नाक टेकवलं.